चकमकीच्या रायफलीचा कान मोठा झाला होता: मोजणीपासून दुरुस्तीपर्यंत

गेल्या जूनमध्ये मी एक वापरलेली चकमकीची रायफल विकत घेतली आणि ऑगस्टपासून वर्ष संपेपर्यंत तिच्या एका भोकाच्या, म्हणजे कानाच्या, मागे लागले. ते काम आता पुरं झालंय. कुणाकडे अशी बंदूक असेल आणि तिचा कान मोठा झाल्याचा संशय असेल, तर काय बघायचं, कुणाला विचारायचं, खर्च किती येतो आणि कुठे थांबायचं, हे एका जागी मिळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. घोड्याच्या जबड्यात गारगोटी पकडलेली असते. चाप ओढला की ती फ्रिझन नावाच्या पोलादी पट्टीवर आपटून घासते, ठिणग्या खालच्या वाटीत पडतात आणि वाटीतली बारीक दारू, म्हणजे रंजक, भडकते. तिची आच नळीच्या कुशीतल्या छोट्या भोकातून आत जाते आणि मुख्य बार उडतो. हे भोक म्हणजे कान. किल्ला सोडून जाताना तोफांच्या कानात खिळे ठोकल्याचं आपण इतिहासात वाचतो, तो हाच. बार उडाला की आतला तापलेला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि त्याचा थोडा भाग कानातूनही बाहेर पडतो. साध्या लोखंडाचं भोक या वायूने वर्षानुवर्षं झिजत राहतं. कुणी वर ड्रिल फिरवलं असेल तर विचारायलाच नको.

मी पूर्व पेनसिल्व्हेनियात राहते. लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यामुळे इथे या बंदुकांचं वेड अजून टिकून आहे. नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम असा असतो की त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. 1974 पासून ही प्रथा आहे. मी शिकार करत नाही, मला कागदाच्या निशाण्यावर नेम धरायला आवडतं. पण या हंगामामुळे सुटे भाग, गारगोट्या आणि जाणकार माणसं जवळपास मिळतात, याचा मला फार उपयोग झाला.

कागदपत्रांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगते. इथल्या 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक साधारणपणे 'अँटिक' या व्याख्येत बसते, नवी प्रतिकृती असली तरी. त्यामुळे मला दुकानातला नेहमीचा फेडरल फॉर्म भरावा लागला नाही. पण हे केंद्राचं झालं. राज्यांचे नियम निराळे असतात. शेजारच्या न्यू जर्सीत ठासणीच्या बंदुकीलाही ओळखपत्र लागतं. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबले होते. भारतातल्या वाचकांसाठी तर सरळच सांगते: तिकडे ठासणीची बंदूक 1959 च्या शस्त्र कायद्यात येते आणि तिची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते. खालचं वाचून आपली बंदूक मोजायला हरकत नाही, ड्रिल मात्र लावू नका.

रायफल मला 650 डॉलरला पडली. .50 कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास अर्धा इंच, बाहेरून 15/16 इंची अष्टकोनी नळी, मेपलचा दस्ता. कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी किटमधून जोडलेली. लाकडाचं काम सुंदर होतं.

कानाचा प्रश्न ऑगस्टमध्ये क्लबच्या रेंजवर पुढे आला. 70 ग्रेन (दारूचं माप) थ्री-एफ, म्हणजे बारीक दाण्याची, दारू ओतली, पॅचमध्ये, म्हणजे कापडाच्या तुकड्यात, बसवलेली .490 ची गोळी गजाने ठासली आणि रंजक घालायला फ्रिझन उघडली, तर वाटीत आधीच काळे दाणे. गोळी ठासताना आतली हवा कानातून बाहेर पडते, तिच्यासोबत दारूही आली होती. एखाददुसरा दाणा आला तर कुणी लक्ष देत नाही. माझ्या वाटीचा तळ झाकला गेला होता. यातला धोका पटकन ध्यानात येत नाही: मी नळीच्या तोंडाशी वाकून गज दाबत असताना बंदूक स्वतःहून रंजक भरून तयार होत होती.

दुसरी गोष्ट उजवीकडच्या नेमबाजाने सांगितली. प्रत्येक बाराला त्याच्या दंडावर गरम फुंकर येत होती. रेंज ऑफिसरने मला लगेच ओळीच्या उजव्या टोकाला हलवलं आणि लॉकपासून, म्हणजे घोडा आणि फ्रिझनच्या यंत्रणेपासून, फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा केला. पुढच्या बाराला पुठ्ठ्यावर तळहाताएवढा काळा डाग पडला आणि त्याच्या मध्यभागी कागद फाटून कडा जळल्या होत्या. मग त्याने वेग मोजायचं यंत्र लावलं. दारू तीच, गोळी तीच, तरी एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत सेकंदाला शंभर-सव्वाशे फुटांचा फरक. मी इतके दिवस निशाण्यावर वर-खाली विखुरलेल्या गोळ्यांचं खापर माझ्या हातावर फोडत होते, त्याचं कारण या आकड्यांत होतं.

त्याच दुपारी चापाच्या कड्याला लाल चिठ्ठी लागली. क्लबचा नियम असा आहे की चिठ्ठी लागलेली बंदूक दुरुस्त होऊन, सुरक्षा अधिकाऱ्याने तपासून, एक पानी फॉर्मवर सही होईपर्यंत ओळीवर आणायची नाही. फॉर्ममध्ये दोष काय, दुरुस्ती कुणी केली, कुठला भाग बसवला, त्याचे आटे कोणते, चाचणीत किती दारू वापरली, हे सगळं भरायचं. तेव्हा मला तो फॉर्म जाच वाटला. पुढे त्याच रकान्यांनी मला कामाची दिशा दिली.

घरी आल्यावर मोजणी. बंदूक रिकामी आहे याची खात्री सगळ्यात आधी: गज नळीत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीच्या बाजूला धरायचा. गजाचं टोक कानाच्या जरा मागे, नळीच्या बुडापर्यंत पोहोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे. मग घोड्यातली गारगोटी काढून ठेवायची. त्यानंतर गरम पाणी आणि पाइप क्लीनरने कान स्वच्छ करायचा, कारण आत साचलेली काजळी भोक लहान दाखवते.

मोजायला नंबरांच्या ड्रिलचा संच लागतो, मला तो 30 डॉलरच्या आसपास मिळाला. ड्रिलची धारेची बाजू नाही, मागची गुळगुळीत दांडी भोकात घालून बघायची. धारेची बाजू भोक खरवडते आणि मापही चुकवते. स्वस्त संचातल्या दांड्या नेहमी छापील मापाच्या नसतात, म्हणून प्रत्येक दांडी मायक्रोमीटरने मोजून मी चिकटपट्टीवर आकडा लिहिला. 52 नंबर, म्हणजे 0.0635 इंच, खुळखुळत आत गेला. 50 नंबर, 0.070, तोही तसाच. 47, म्हणजे 0.0785. गेला. 44 नंबरची 0.086 ची दांडी गेली तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. 42 नंबर, 0.0935, अगदी हलक्या हाताने सरकला. 40 नंबर, 0.098, अडला. शिवाय 42 नंबरची दांडी वर-खाली हलत नव्हती, पण पुढे-मागे डुगडुगत होती. भिंगातून पाहिलं तर भोक लांबट झालेलं.

चांगल्या कानाचं माप साधारण 1/16 इंच, म्हणजे 0.0625, इथून सुरू होतं. 0.070 पर्यंत उत्तम, आणि 5/64 म्हणजे 0.078 ही बहुतेक जाणकारांची वरची हद्द. आकडे जवळजवळचे वाटतात म्हणून मी क्षेत्रफळ काढलं: 0.094 चं भोक 0.0625 च्या भोकापेक्षा सव्वादोन पट मोठं भरतं. वायू व्यासातून नाही, क्षेत्रफळातून निसटतो.

रात्री कोल्हापूरला बाबांना फोन लावला. उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला आहे. बंदुकीशी त्यांचा संबंध नाही, पण भोक आणि आटे हा त्यांचा प्रांत. इंचाच्या हजाराव्या भागाला ते थाऊ म्हणतात.

"किती थाऊ म्हणालीस?"

"त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. बासष्टच्या जागी."

"आणि गोल नाही?"

"पुढे-मागे झिजलंय, बाबा."

"मग त्यात सरळ ड्रिल घालू नकोस. लांबट भोकात ड्रिल आपला रस्ता आपण शोधतं, तुझं ऐकत नाही. आधी सेंटर नक्की कर, मग हात लाव."

हा सल्ला पुढे शब्दशः कामी आला.

ज्यांच्याकडून रायफल घेतली त्यांनाही मी फोन केला. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की बंदूक कधी कधी पेट घेत नव्हती, नुसती रंजक उडायची, म्हणून त्यांनी भोक ड्रिलने वाढवलं. वाढवल्यावर थोडं बरं वाटलं, म्हणून आणखी वाढवलं. ही समजूत किती पसरलेली आहे हे मला नंतर कळलं. 'कान मोठा केला की बंदूक झटकन पेटते' असं आमच्या क्लबातही चार जण तरी सांगतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि आता तर अनुभवाने पटत नाही. पेट घेणं तीन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं. कान वाटीच्या मानाने कुठे आहे. आतून तो कसा कोरलेला आहे. आणि रंजक कानाच्या जवळ आहे की लांब. नळीची भिंत जाड आणि भोक सरळ आरपार असेल, तर आचेला लांब बोगद्यातून जावं लागतं. त्यात दारू अडकली तर ती वातीसारखी सावकाश जळत जाते. आतून शंकूसारखी खोली दिली की मुख्य बार बाहेरच्या तोंडाच्या अगदी जवळ येऊन बसतो आणि 0.0625 चं भोकही चपळपणे काम करतं. नुसतं भोक वाढवल्याने बोगदा तितकाच लांब राहतो आणि गळती तेवढी वाढते.

दुरुस्तीचे मार्ग दोन निघाले. एक, भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडायचं. बुडाशी, जिथे दाब सर्वांत जास्त तिथे, नळीला एवढी उष्णता द्यायला मी तयार नव्हते. दुसरा, लायनर: मधोमध बारीक भोक असलेला, बाहेरून आटे पाडलेला छोटा स्क्रू, जुनं भोक मोठं करून त्यात बसवायचा. ही युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमधले नामांकित कारागीर अठराव्या शतकात कानाला सोन्याचं अस्तर देत आणि पुढे प्लॅटिनमचं, कारण हे धातू वायूने लवकर झिजत नाहीत. आज तेच काम स्टेनलेस स्टील करतं. मात्र तुमच्याकडची बंदूक प्रतिकृती नसून खरोखर दोनशे वर्षं जुनी असेल, तर तिला ड्रिल लावायचा विचारही करू नका. ती जुन्या शस्त्रांच्या जाणकाराला दाखवा आणि शोभेला ठेवा.

सप्टेंबर कारागीर शोधण्यात गेला. नेहमीचे बंदूक दुरुस्त करणारे ठासणीचं नाव काढताच नकार देत होते. एकाने विम्याचं कारण सांगितलं, ते मला योग्य वाटलं. शेवटी चकमकीच्याच बंदुका घडवणारे एक कारागीर मिळाले. अंदाज 110 डॉलर, लायनर धरून. पण नंबर फेब्रुवारीत, कारण नाताळनंतरच्या हंगामासाठी लोक उन्हाळ्यातच बंदुका देऊन बसलेले. तुम्हाला यंत्रावर काम करायची सवय नसेल तर मी म्हणेन थांबा, नंबर लावा आणि पैसे द्या. 110 डॉलर या कामाला जास्त नाहीत.

मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करते, ड्रिल प्रेस आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताखालचे आहेत. म्हणून गावातल्या सार्वजनिक वर्कशॉपमध्ये विचारलं. त्यांच्या नियमावलीत बंदुकीचा कुठलाही भाग आत आणायला मनाई. 'अँटिक' व्याख्येचा कागद दाखवला, त्यांच्या समितीकडे लेखी अर्ज दिला, तीन आठवड्यांनी नम्र नकार आला. मग क्लबातले एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त टूलमेकर, म्हणाले की माझ्या गॅरेजमध्ये ये, मी शेजारी उभा राहीन, हात तू चालव. नोव्हेंबरचा शनिवार ठरला.

तोवर मी लायनर मागवला. 1/4 इंच, इंचाला 28 आटे, आतून शंकू कोरलेला, मधलं भोक 0.0625. किंमत 9 डॉलर. त्याच्या आट्यांचा टॅप आणि 3 नंबरचं ड्रिल, म्हणजे 0.213 इंच, मिळून 18 डॉलर. युरोपात बनलेल्या बंदुकांत आधीच लायनर असेल तर त्याचे आटे मिलिमीटरचे असू शकतात. नवा मागवण्याआधी जुना काढून आट्यांच्या गेजने तपासा.

या सगळ्यात ज्या मापाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला ते ब्रीच प्लगचं. नळीचं मागचं तोंड ज्या जाड बोल्टने बंद केलेलं असतं तो ब्रीच प्लग. लायनर त्याच्या तोंडाच्या पुढे, मोकळ्या जागेत बसला पाहिजे. प्लगच्या आट्यांत घुसला तर दोघांची पकड जाते आणि दारूला शिरायला फट मिळते. सपाट टोकाची पितळी दांडी नळीत बुडापर्यंत सोडली, तोंडाशी खूण केली आणि तेच अंतर बाहेरून मोजून नळीवर पेन्सिलची रेघ मारली. रेघेपासून कानाचा मध्य दीड सूत पुढे, म्हणजे 3/16 इंच. लायनरची त्रिज्या एक सूत, 1/8 इंच. म्हणजे अर्धा सूत मोकळा. हे माप मी पुन्हा पुन्हा घेतलं, दुसऱ्या दिवशी नव्याने घेतलं आणि टूलमेकर आजोबांनी स्वतंत्रपणे घेतलं. इथे मोकळी जागा निघत नसेल तर काम स्वतः करायचं नाही, तो मोठ्या दुरुस्तीचा विषय आहे.

उभ्या दिशेने कानाचा मध्य वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीत हवा. वाटीची कड क्षितिज धरली तर कान अर्धा बुडालेल्या सूर्यासारखा दिसावा, असं इथले लोक सांगतात. लॉक जागेवर बसवून मी वाटीच्या कडेची रेघ नळीवर कोरली. जुना कान त्या रेघेवरच होता, हे नशीब.

शनिवारी सकाळी बंदूक खोलली. लॉकचे बोल्ट, मागच्या शेपटीचा स्क्रू, मग दस्त्यातून आडव्या गेलेल्या पिना पितळी पंचाने हलके ठोकून बाहेर. कुठली पिन कुठल्या भोकातली आणि कुठल्या बाजूने निघाली हे पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, कारण त्या सारख्या दिसतात पण नसतात. अष्टकोनी नळीचा मोठा फायदा असा की ती व्हाइसमध्ये सपाट बसते. स्पिरिट लेव्हल ठेवून वरची बाजू समतल केली, लांब टोकाखाली ठोकळा दिला.

बाबांनी सांगितलेला मुद्दा आजोबांनीही न विचारता सांगितला. झिजलेल्या भोकात ड्रिल भरकटू नये म्हणून आम्ही कोरलेल्या दोन रेघांच्या छेदावर सेंटर धरलं आणि पहिला काप 3/16 च्या एंड मिलने, म्हणजे सपाट टोकाच्या कापणाऱ्या हत्याराने, घेतला. एंड मिल बाजूला ओढली जात नाही, जिथे धरली तिथेच उतरते. ती लांबट भोक खाऊन गोल खड्डा करत गेली. मग 3 नंबरचं ड्रिल, सावकाश, भरपूर कटिंग ऑइल. आरपार जायच्या क्षणी हाताला झटका बसतो, तिथे दाब जवळजवळ काढून घ्यायचा, नाहीतर ड्रिल समोरच्या भिंतीवर आदळतं. नळीत आम्ही आधीच घट्ट बसणारी लाकडी दांडी सारून ठेवली होती, तिच्यावर ड्रिलचं टोक थांबलं.

टॅप ड्रिल प्रेसच्या चकमध्ये पकडला, मोटर बंद, विजेचा प्लग काढलेला, चक हाताने फिरवायचा. यामुळे आटे सरळ पडतात. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा तेल. टॅपच्या टोकाचा निमुळता भाग नळी ओलांडून समोरच्या भिंतीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्याच्यावर चिकटपट्टीची खूण करून तेवढ्यावर थांबलो. शेवटच्या दोन फेऱ्यांत टॅपचा आवाज बदलतो, कोरडा करकर येतो. आजोबांनी हात वर केला आणि मी थांबले. भोकाच्या आतल्या काठावर बारीक बर, म्हणजे धातूची धारदार कड, उभी राहिली होती. ती काढली नाही तर प्रत्येक वेळी पॅच फाटणार. गजाला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून फक्त त्या जागी फिरवला आणि बोअरच्या, म्हणजे नळीच्या पोकळीत सोडायच्या, दिव्याने बघत राहिलो.

लायनरची लांबी हिशोबाने काढता येते: 15/16 मधून .50 वजा करून निम्मं, म्हणजे भिंत साधारण 0.219 इंच. आम्ही लायनर आतल्या टोकाने किंचित आखूड केला, म्हणजे तो बोअरमध्ये डोकावणार नाही. आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांना लेप लावून तो घट्ट बसवला. बाहेरचं जास्तीचं डोकं करवतीने कापलं आणि बारीक कानसीने नळीच्या सपाटीला आणलं. मग सुईने लायनर आणि नळी दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ कोरली. लायनर कधी फिरला तर ती रेघ तुटलेली दिसेल. स्टेनलेसवर तपकिरी रंग धरत नाही, त्यामुळे तिथे चांदीसारखा ठिपका राहिला आहे. मला तो तसाच आवडतो.

घट्ट पॅच नळीतून वर-खाली फिरवला, कुठेही अडला नाही.

चाचणी क्लबच्या मागच्या मोकळ्या रेंजवर, सुरक्षा अधिकाऱ्यासमोर झाली. आधी नळी रिकामी ठेवून नुसती रंजक उडवून पाहिली. मग बंदूक जुन्या टायरमध्ये बांधली आणि लांब दोरीने चाप ओढला, आधी 40 ग्रेन, मग 70. प्रत्येक बारानंतर भिंगातून ती रेघ पाहिली, जागची हलली नव्हती. त्यानंतरच खांद्याला लावली. भरताना वाटीत दोन-चार दाणे आले, तेवढेच. पुठ्ठ्यावर बोटभर करडा डाग, कागद शाबूत. वेगातला फरक आधीच्या निम्म्याहून कमी झाला आणि सरासरी वेग वाढला, म्हणून पुढे मी दारू 65 ग्रेनवर आणली. पेट घेण्यात उशीर? माझ्या कानांना तरी जाणवला नाही. नवी गारगोटी आणि वाटीत थोडीच रंजक असेल तर चाप आणि बार यांत फट ऐकू येत नाही.

फॉर्मवर सही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. आट्यांच्या रकान्यात आकडे लिहिताना बाबांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं: "टॅप नवा होता ना? जुना वापरला असशील तर पुन्हा बघ." टॅप नवाच होता.

एकूण खर्च 60 डॉलरच्या आत, ड्रिलचा संच धरून. काळ्या दारूचा खर्च वेगळा. ती घरपोच मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क बसतं, म्हणून क्लबात चौघांनी मिळून मागवलेली परवडते. देखभालीला आता एवढंच करते: कान साफ करायला पोलादी सुई वापरत नाही, मऊ पितळेची तार वापरते. भरताना कानात पिसाचं देठ घालून ठेवते आणि रंजक घालण्याआधी ते काढते. हंगामाच्या सुरुवातीला 50 नंबरची दांडी कानाला लावून बघते. ती आत जायला लागली की वहीत तारीख टाकायची, 47 नंबरची गेली की लायनर बदलायचा.

जानेवारीच्या सामन्यात शेजारच्या दोघांनी आपापल्या रायफली मोजायला माझ्यापुढे ठेवल्या. एकीचा कान 0.067, उत्तम. दुसरीत 46 नंबर, 0.081, घट्ट गेला. भोक गोल होतं, वाटीत दारू येत नव्हती. त्यांना सांगितलं की या हंगामात वापरा, ओळीच्या उजव्या टोकाला उभे राहा, पेट घेतली नाही तरी ड्रिल लावू नका, आणि त्या कारागिराकडे आत्ताच नंबर लावा, म्हणजे उन्हाळ्यात काम होईल. त्यांनी तिथूनच फोन केला. जूनची तारीख मिळाली आहे.